कळलावी

श्रावणात रानातल्या एखाद्या काटेरी जाळीवर ती पेटलेली दिसते. जवळ जावं तर नाजूक वेल. स्वतःच्या बळावर उभं राहणं जमत नाही, म्हणून पानाचं टोक लांबवते, त्याचाच आकडा करते आणि शेजारच्या फांदीला धरून वर चढते. कळी खाली मान घालून येते. उमलताना मात्र सहाही पाकळ्या मागे उलटून वर उभ्या राहतात. आधी हिरवट, मग पिवळ्या, केशरी, शेवटी लालभडक, आणि कडा लाटांच्या. कुक्षिवृंत, म्हणजे स्त्रीकेसराचा दांडा, तर तळाशीच काटकोनात वळून बाजूला निघतो. सरळ असं हिचं काही नाहीच.

वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये तिला ‘ग्लोरिओसा सुपर्बा’ म्हटलं, म्हणजे वैभवशाली, दिमाखदार. संस्कृतात ती अग्निशिखा. नांगरासारख्या वाकड्या कंदामुळे लांगलीही. मराठीत वाघचबका, खड्यानाग ही नावं आहेत, पण तोंडी बसलं ते ‘कळलावी’. हे नाव सुइणींकडचं. बाळंतीण अडली की हिचा कंद उगाळून बेंबीखाली, तळहाता-तळपायांना लेप देत, कळा सुरू व्हाव्यात म्हणून. कळ आणणारी ती कळलावी.

पण कळ म्हणजे भांडणही. ‘कळलाव्या’ माणूस कोण, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. त्या दुसऱ्या अर्थाने वेलीवर आळ आला: हिचं फूल घरात आणलं, कुणी आढ्यात खोचलं, की घरात भांडणं लागतात. बाईच्या सुटकेसाठी राबलेल्या झाडावर घर मोडल्याचा हा ठपका मला फार अन्यायाचा वाटतो. तमिळनाडूने तिला राज्यफुलाचा मान दिला आहे, झिंबाब्वेने राष्ट्रीय फुलाचा. तमिळनाडूत तर बियांसाठी तिची शेती होते, कारण त्यांतून कोल्चिसिन मिळतं. संधिवाताच्या एका प्रकारावर, गाउटवर, ते जुनं औषध आहे.

हेच कोल्चिसिन पेशींचं विभाजन थांबवतं. कंद किंवा बी पोटात गेलं तर उलट्या-जुलाबांपासून सुरुवात होऊन जीवही जातो. अंगात कुठे किती भिनेल याचा भरवसा नाही, म्हणून ते जुने लेप आता कुणी करू नयेत. घरात लहान मूल असेल, दावणीला गुरं असतील, तर ही वेल अंगणात लावू नये. नसतील तर खुशाल लावावी, फक्त कंद हाताळल्यावर हात धुवावेत.