आनंदाचा स्वभाव

सुख आणि आनंद हे शब्द मराठीत जोडीने येतात. पण त्यांचा संसार वेगळा आहे. घर, अन्न, आरोग्य, माणसांची सोबत यांची बेरीज करून एखाद्याला सुखी म्हणता येते. आनंदाचा असा हिशेब मांडता येत नाही. सर्व काही लाभलेला माणूस उदास असतो आणि ज्याच्या पदरी फारसे काही पडले नाही, तो हसत असतो. हे कोडे परिस्थितीकडे पाहून सुटत नाही. त्यासाठी स्वभावाकडे वळावे लागते.

या दृष्टीने रेव्हरंड टिळकांच्या तेव्हाच्या अहमदनगरातील घराकडे पाहावे. या घरात दोन अगदी भिन्न प्रकृतींची माणसे एकत्र नांदली. त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांना 1907 साली जळगावच्या कविसंमेलनात ‘बालकवी’ ही पदवी मिळाली आणि पुढे या घराने त्यांना मायेने सामावून घेतले. ‘आनंदी आनंद’ लिहिणारा हा कवी ‘पारवा’ही लिहितो; पडक्या धर्मशाळेतला तो एकाकी पक्षी त्याच्याच मनातला आहे. त्याच्या ठायी आनंद ऋतूसारखा येतो, सर्व सृष्टी उजळून टाकतो आणि ऋतूसारखाच निघून जातो. त्याला आणता येत नाही, थांबवताही येत नाही. 1918 साली, तिशीही गाठण्यापूर्वी, रेल्वेच्या अपघातात या कवीचे आयुष्य संपले.

त्याच घराची गृहिणी म्हणजे लक्ष्मीबाई टिळक. वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकात त्यांचे बालपण गेले. अकराव्या वर्षी लग्न झाले. पती प्रतिभावंत आणि उदार. पण संसाराच्या दृष्टीने बेभरवशाचा. 1895 साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा पत्नीच्या पायाखालची जमीनच सरकली. ताटातुटीची काही वर्षे त्यांनी सोसली. पुढे पुन्हा संसार मांडला, विचारपूर्वक जातिभेद टाकला आणि 1900 साली स्वतःही तो धर्म स्वीकारला. परिस्थितीचा हिशेब मांडला, तर या आयुष्यात सुखाची बाजू रोडच दिसेल. तरीही 1934 पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेली ‘स्मृतिचित्रे’ हे मराठीतील अत्यंत प्रसन्न पुस्तकांपैकी एक आहे.

ही प्रसन्नता सोशिकपणाचे दुसरे नाव आहे काय, हा प्रश्न टाळता येण्याजोगा नाही. स्त्रीने हसतमुखाने सोसावे, अशी शिकवण आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या दिली आहे. आनंदी स्वभावाचे कौतुक पुष्कळदा अन्यायावर घातलेले पांघरूण ठरते. लक्ष्मीबाईंचे हसणे मात्र त्या जातीचे नाही. सोसणारी स्त्री गप्प राहते, लक्ष्मीबाई सांगतात. वडिलांचा विक्षिप्तपणा, पतीचा लहरीपणा, आपले अज्ञान आणि आपला हट्ट, काहीच त्या झाकत नाहीत. ज्याच्यावर मनापासून प्रेम केले, त्याचेही माप त्या नेमके घालतात. त्या सांगण्यात कडवटपणा नाही, तसा खोटा गोडवाही नाही.

येथे मानवी स्वभावाचे एक मर्म हाती लागते. दुःख माणसाला स्वतःपुरते लहान करते. आपलीच वेदना तेवढी खरी, असे त्याला वाटू लागते. विनोद ही कोंडी फोडतो. स्वतःवर हसता येणे म्हणजे क्षणभर स्वतःपासून दूर उभे राहता येणे. ज्याला हे साधते, त्याला ज्यांनी दुखावले तीही माणसेच दिसतात: वेडीवाकडी, अपुरी, आपल्यासारखीच. त्यांचा दोष पुसला जात नाही. पण त्याचे ओझे आयुष्यभर वाहावे लागत नाही.

म्हणून बालकवींचा आनंद खोटा आणि लक्ष्मीबाईंचा खरा, असा निवाडा देणे योग्य होणार नाही. एक देणगी आहे, दुसरी कमाई. देणगी कोणाला मिळेल, हे कोणाच्याच हाती नसते आणि ती हरवलेल्या माणसाला स्वभावाचा दोष लावणे निर्दयपणाचे आहे. कमाईला मात्र उमेदीचे वय लागत नाही. टिळक 1919 साली गेले. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरे केले आणि साठी उलटल्यावर आपले आयुष्य ग्रंथरूपाने मराठीच्या हाती ठेवले. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईने घरीच अक्षरे गिरवली होती.