तिनातल्या दोन

कोलकात्याच्या पोस्टिंगला मी बेहालात राहत होतो. क्वार्टरची वेटिंग लिस्ट लांब, बायको-मुलं गावी, म्हणून डायमंड हार्बर रोडच्या आतल्या एका गल्लीत वरच्या मजल्यावर खोली घेतली होती. रोडवर मेट्रोचे खांब उभे राहिलेले, पण गाडीचा पत्ता नाही. माझेरहाटचा पूल सप्टेंबर २०१८ मध्ये कोसळलेला, त्यामुळे शहरात जायचं म्हणजे मोठा वळसा. सौरव गांगुलीचं घर कुठे आहे हे मासेवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत प्रत्येकाने मला न विचारता सांगितलं. घरमालक अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. मी त्यांना दादू म्हणायचो, ते मला 'शुबेदारबाबू'. बंगाल्यांच्या तोंडात 'स' टिकत नाही, तेव्हा सुभेदाराचा शुबेदार व्हायचाच.

२०२० च्या पावसाळ्यात, लॉकडाउन थोडं सैल झाल्यावर, दादूंनी मला खाली बोलावलं. डिसेंबर २०१९ मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली होती. आधी एका परवान्यावर तीन हत्यारं ठेवता यायची, आता दोनच. तिसरं वर्षभराच्या आत पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायचं. वारसाने आलेलं असलं तरी सवलत नाही. दादूंकडे तीन होती, तिन्ही वडिलांकडून आलेली. त्यांनी पलंगावर चादर अंथरून ती ओळीने मांडली आणि म्हणाले, "तुम्ही फौजी. सांगा, यातली कुठली द्यायची?"

पहिली बारा बोअरची दुनळी. दुसरी ईशापूरच्या कारखान्याची .३१५ ची बोल्ट अ‍ॅक्शन रायफल. आणि तिसरी .४७० नायट्रो एक्स्प्रेस, दुनळी रायफल, विलायती. स्वातंत्र्यानंतर चहामळ्यांचे साहेब घरी परतू लागले तेव्हा डुआर्सच्या एका मळ्यात नोकरीला असलेल्या दादूंच्या वडिलांनी ती एका साहेबाकडून विकत घेतली होती. वजन केलं नाही, पण पाच किलोच्या आसपास भरली असती. एवढी जड असून खांद्याला लावली की आपोआप जागेवर बसत होती. जुन्या कारागिरांचं हे एक मानावं लागतं.

आता एक गोष्ट आधीच सांगतो. फौजी माणसाला बंदूक कळते म्हणजे सगळ्याच बंदुका कळतात, असा लोकांचा समज असतो. मी वेपन ट्रेनिंगचा उस्ताद होतो, हजारो पोरांना सिंगल फायर आणि ग्रुपिंग शिकवलं, कोतमधलं प्रत्येक हत्यार डोळे बांधून खोललं-जोडलं. पण शिकारीची रायफल हा वेगळाच धंदा आहे आणि तो मला समजून घ्यावा लागला तो माझ्या गावामुळे.

माझं गाव यवतमाळ जिल्ह्यात, राळेगावच्या बाजूला. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये मी सुट्टीवर गेलो तेव्हा तिकडे टी-१ वाघिणीची दहशत होती. पेपरवाले तिला अवनी म्हणत. तिच्या नावावर तेरा माणसांचे बळी लावले गेले होते. दिवस कापूस वेचणीचे. वेचणीला वाकलेली बाई मागून चार पायांच्या जनावरासारखी दिसते, हे मला तेव्हा पहिल्यांदा उमगलं, कारण त्या ओळीत माझी आई होती. बायका घोळक्याने जायच्या, एक जण डबा वाजवत उभी राहायची, चार वाजता सगळ्या घरी. कापूस बोंडातच राहायचा. काका मला म्हणाले, "तू फौजी हायस ना, मंग तूच मार ना त्या वाघिनीले!"

त्यांना सांगत बसलो. एक तर कायदा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या कलम ११ प्रमाणे असं जनावर मारायचा हुकूम राज्याचा मुख्य वन्यजीव रक्षकच देऊ शकतो, तोही लेखी, कारणं देऊन, आणि पकडणं, बेशुद्ध करणं, दुसरीकडे हलवणं जमत नाही याची खात्री झाल्यावर. दुसरं म्हणजे हत्यार. आमच्या इन्सासची गोळी चार ग्रॅमची. ती माणसासाठी, दूरच्या माणसासाठी बनवलेली आहे. माणूस जखमी झाला की आडवा होतो, त्याला उचलायला आणखी दोघे अडकतात, युद्धात तेवढं पुरतं. जखमी वाघ आडवा होत नाही. तो तुमच्याकडे येतो.

२ नोव्हेंबरच्या रात्री त्या वाघिणीला गोळी घातली गेली. तिची दोन पिल्लं मागे राहिली. त्यावर पुढे किती वाद झाला ते सर्वांना माहीत आहे, त्यात मी पडत नाही. आई दुसऱ्या दिवशी वेचणीला गेली, एवढं मला फोनवर कळलं.

दादूंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी नेमका प्रश्न केला. "तुम्हाला जावं लागलं असतं तर कुठली रायफल घेतली असती?"

त्या दिवसापासून आमचा रोज संध्याकाळचा तास ठरून गेला. दिदिमा लाल चहा आणि मुडी आणून ठेवायच्या आणि "आबार बोंदूक!" म्हणून आत जायच्या.

माझं म्हणणं असं होतं. मारणं आणि थांबवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हृदयात गोळी लागलेलं जनावर मरतंच, पण मरायच्या आधी काही सेकंद जगतं. वाघ ताशी पन्नास-पंचावन्न किलोमीटरने येतो, म्हणजे तीस मीटरचं अंतर दोन सेकंदांत. त्या दोन सेकंदांत त्याचा मेंदू, मणका नाहीतर खांद्याचं हाड मोडलं तरच तो तुमच्यापर्यंत पोचत नाही. जाड नळीची रायफल लागते ती याच्यासाठी. .४७० ची गोळी साडेबत्तीस ग्रॅमची, म्हणजे इन्सासच्या आठपट, आणि नळीच्या तोंडाशी ऊर्जा सात हजार ज्यूलच्या घरात. एके-४७ ची दोन हजार. पण नेम चुकला तर हे सात हजार मागच्या झाडाला मिळतात. आणि एवढा धक्का सोसणारा खांदा सरावानेच तयार होतो. वर्षातून एकदा दसऱ्याला पूजा करून ठेवलेल्या रायफलीने नाही. डब्ल्यू. डी. एम. बेल नावाच्या स्कॉटिश शिकाऱ्याने आफ्रिकेत हजारावर हत्ती मारले ते बहुतेक .२७५ सारख्या लहान बोअरने. तो हत्तीची कवटी कापून मेंदू कुठे असतो ते शिकला होता. तरी त्याची नक्कल कोणी करू नये, कारण त्याच्यासारखा हात हजारात एकाचा असतो.

गोळीचा प्रकारही तितकाच महत्त्वाचा. हत्ती-गव्याला सॉलिड, म्हणजे न फुटता हाडातून आरपार जाणारी. वाघ-बिबट्याला सॉफ्ट नोज, आत गेल्यावर पसरणारी. वाघाला सॉलिड मारलीत तर भोक पाडून पलीकडे निघून जाईल आणि त्याचा राग तेवढा वाढेल.

मग माझी पसंती? .३७५. हॉलंड अँड हॉलंडने १९१२ मध्ये काढलेली, गोळी एकोणीस-साडेएकोणीस ग्रॅमची, वेग सेकंदाला ७७० मीटरच्या आसपास. धक्का माणसाला सोसवतो, नेम धरवतो, वाघापासून हत्तीपर्यंत चालते. आफ्रिकेत बऱ्याच देशांत धोकादायक जनावरांसाठी कमीत कमी एवढा बोअर हवा असा नियमच आहे. पण .३७५ काही चादरीवर नव्हती.

दादूंना .४७० हा आकडा कुठून आला त्याचं कौतुक होतं, आणि ती गोष्ट खरंच मजेशीर आहे. विलायतेत आधी .४५० चांगली चालत होती. पण इंग्रज फौजेची जुनी मार्टिनी-हेन्री त्याच बोअरची. ती काडतुसं बंडखोरांच्या हाती पडतील या भीतीने सरकारने १९०७ च्या सुमारास हिंदुस्थान आणि सुदानमध्ये .४५० वर बंदी घातली. बंदूक कारखानदारांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे हिंदुस्थान. त्यांनी लगेच .४६५, .४७०, .४७५ अशी नवी मापं काढली. म्हणजे दादूंची रायफल साहेबाच्या भीतीतून जन्माला आली होती. आणि .३१५ सुद्धा तशीच! .३०३ फौजेचा बोअर, सामान्य माणसाला बंद, म्हणून लोकांसाठी वेगळं काडतूस. माप बदलतं, भीती तीच.

दुनळी रायफलीचा खरा गुण बोअर नाही, दुसरी गोळी आहे. दोन नळ्या, दोन चाप, दोन घोडे, म्हणजे एका दस्त्यावर बसवलेल्या दोन स्वतंत्र रायफली. एक बिघडली तर दुसरी आहेच. जिम कॉर्बेटने १९०७ मध्ये चंपावतची वाघीण मारली तेव्हा त्याच्याकडे .५०० ची दुनळी होती, पण काडतुसं तीनच घेऊन निघाला होता. तिन्ही संपली, वाघीण जखमी होऊन समोर उभी, आणि त्याला धावत जाऊन तहसीलदाराची खिळखिळी बंदूक आणावी लागली. रायफल उत्तम होती. चौथं काडतूस नव्हतं.

हे ऐकून दादू बराच वेळ गप्प बसले. मग उठून कपाटातून किनॉकचं एक जुनं खोकं घेऊन आले. आत .४७० ची सात काडतुसं, पितळेवर हिरवी झाक चढलेली. त्यातलं एक त्यांनी माझ्या तळहातावर उलटं ठेवलं. टोपीवर पिनचा खड्डा होता.

१९६१ चा हिवाळा. मळ्याच्या लायनीत एक सुळेवाला हत्ती घुसायचा. दोन मजूर गेले होते. हत्तीला १८७९ च्या कायद्यापासून संरक्षण होतं, त्यामुळे सरकारने त्याला पिसाट जाहीर केल्यावरच दादूंचे वडील निघाले. एकोणीस वर्षांचे दादू मागे बारा बोअर घेऊन. हत्ती ओढ्याच्या काठाने आला, थांबला आणि वळून सरळ यांच्यावर. वडिलांनी पुढचा चाप ओढला. नुसती टिक् झाली. "शुबेदारबाबू, ती टिक् मला अजून ऐकू येते." वडिलांनी रायफल खांद्यावरून खाली घेतली नाही, बोट फक्त मागच्या चापावर सरकवलं. हत्ती पंधरा पावलांवर गुडघ्यावर आला.

"बोल्टची असती तर?" त्यांनी विचारलं.

बोल्ट उचलायचा, मागे ओढायचा, पुढे ढकलायचा. सरावाच्या हाताला दीड सेकंद लागतो. त्या सकाळी दीड सेकंद नव्हता. हे मी त्यांना सांगितलं, कारण विचारलं होतं त्याचं खरं उत्तर तेच होतं.

पण निवड आजची होती. माझा सल्ला मी सरळ दिला. .४७० द्या, बाकीच्या दोन ठेवा. बारा बोअरची आणि .३१५ ची काडतुसं आमच्या पुण्याच्या खडकीच्या कारखान्यात आजही बनतात, दुकानात ताजी मिळतात. .३१५ ची ऊर्जा .४७० च्या निम्मीच, हत्तीसमोर मी ती घेऊन उभा राहणार नाही. पण ती हमखास उडते. साठ वर्षांच्या सात काडतुसांपैकी किती उडतील हे कोणी सांगू शकत नाही, आणि ज्या रायफलीचं काडतूस मिळत नाही ती दांडक्याच्या कामाची. बेंगळुरूचा मुलगा फोनवर म्हणत होता की तिन्ही देऊन टाका, बेहालात कुठला वाघ येतोय! त्याचंही चूक नव्हतं. दिदिमांचं मत होतं की वडिलांची निशाणी म्हणून .४७० ठेवावी आणि .३१५ जावी. या मुद्द्यावर मी काही बोललो नाही. रायफल निवडायला मला बोलावलं होतं.

दादूंनी पूजा होऊ दिली, काली पूजा होऊ दिली. डिसेंबर उजाडला, मुदत संपत आली. ३ तारखेला माझेरहाटचा नवा पूल सुरू झाला आणि त्यानंतरच्या एका सकाळी ते कोट घालून दारात उभे. "चला, आता वळसा पडणार नाही." गवसणीत .४७० होती.

डलहौसीच्या एका जुन्या दुकानात गेलो. या भागात बंदुकांचा धंदा फार जुना. १९१४ च्या ऑगस्टमध्ये इथल्याच रॉडा कंपनीच्या मालातून क्रांतिकारकांनी ५० माउझर पिस्तुलं आणि ४६,००० काडतुसं पळवली होती. दादूंनी वाटेत ती हकीकत अशी सांगितली, जणू काल घडली. दुकानातल्या कारकुनाने रायफल उघडली, नळ्यांतून उजेडाकडे पाहिलं, नंबर उतरवला. मग काडतुसं मोजू लागला. सातव्यापाशी थांबला. टोपीवरचा खड्डा पाहून म्हणाला, "हे तर वाजून गेलंय. हे धरायचं की नाही?"

दादू माझ्याकडे बघायला लागले.

पिन पडलेली असली तरी आत दारू आणि पुढे गोळी तशीच होती. आमच्याकडे रेंजवर असलं काडतूस कोणी खिशात घालून नेलं तर त्याची पेशी लागते.

"जिवंतच धरा," मी म्हणालो. त्याने आकडा सात लिहिला आणि पावतीवर शिक्का मारला.