टेपची सरसर

ती वाद्यांच्या आधी येते. पियानोच्या पहिल्या स्वराआधी क्षणभर ती एकटीच असते. सुपात बारीक रवा घोळवावा, तसा तिचा आवाज. ध्वनिमुद्रणातले लोक तिला 'हिस' म्हणतात. मी सरसर म्हणतो. रेकॉर्डची खरखर वेगळी. ती धुळीची, ओरखड्यांची. नीट पुसली की कमी होते. ही मुळात टेपच्या अंगातली. फितीवर लोहाच्या ऑक्साइडचे कण बसवलेले असतात. ते कितीही बारीक दळले तरी एकसारखे बसत नाहीत, आणि फीत हेडवरून सरकताना त्यांचं ते विस्कटलेपण ऐकू येतं. कोरी फीत लावा, ती आहेच.

माझी तिची खरी ओळख झाली ती बिल इव्हान्सच्या 'वॉल्ट्झ फॉर डेबी'मुळे. २५ जून १९६१, रविवार. न्यूयॉर्कच्या सेव्हन्थ अ‍ॅव्हेन्यूवरचं 'व्हिलेज व्हॅनगार्ड' नावाचं तळघर. पियानोवर इव्हान्स, बासवर स्कॉट लफारो, ड्रमवर पॉल मोशियन. दुपारी दोन आणि संध्याकाळी तीन अशा पाच बैठका त्या दिवशी टेपवर उतरल्या.

पहिलंच 'माय फूलिश हार्ट' घ्या. रात्री, घरातले सगळे झोपल्यावर, हेडफोनवर. आधी सरसर. मग पियानो, अगदी सावकाश. आणि त्याच्या पाठीमागे मोशियनचा तारांचा ब्रश. हा ब्रश म्हणजे तिचा सख्खा भाऊ. तो ड्रमवर फिरतो, झांजेला नुसता लागून जातो, आणि ती कुठे संपली आणि तो कुठे सुरू झाला हे इतक्या वर्षांनीही मला नेमकं सांगता येत नाही. तिच्यातून तो हात बाहेर काढतो आणि पुन्हा तिच्यातच नेतो.

आवाज पुसणाऱ्या यंत्रालाही हे सांगता येत नाही, आणि माझं सगळं दुखणं तिथेच आहे. पूर्वी माझ्याकडे त्या काळातल्या एका जॅझ मुद्रणाची 'स्वच्छ' केलेली सीडी होती. सरसर नावालाही नव्हती. पण झांज कागदात गुंडाळून वाजवल्यासारखी, आणि खोली तर नाहीशीच झालेली. झांज वाजल्यावर तिचा नाद विरत विरत सरसरीच्याही खाली जातो. कानाला तो तिथेही सापडतो, पाऊस पडत असताना पलीकडच्या खोलीतलं हळू बोलणं कळावं तसा. यंत्र सरसर उचलतं तेव्हा ते बोलणंही उचलून नेतं.

तिला कमी करायचा सरळ मार्ग एकच: मूळ फितीपर्यंत जाणं. टेपवरून टेपवर प्रत काढली की जुनी सरसर उतरतेच, वर नव्या फितीची भर पडते. म्हणून चांगल्या पुनर्मुद्रणांत पहिली मास्टर टेप शोधून तिच्यावरून काम करतात. ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीच्या २०१९पासूनच्या 'टोन पोएट' मालिकेत केविन ग्रे हेच करतात. अशा आवृत्तीत ती असते, फक्त तिच्या मूळच्या जागी. मैफिलीत तंबोरा असतो तशी. लक्ष जात नाही, पण नसली तर बसायला जमीन उरत नाही.

मुद्रण होतानाच तिला दाबायची युक्ती नंतर आली, रे डॉल्बींची. १९६३ ते १९६५ ही वर्षं ते युनेस्कोचे सल्लागार म्हणून भारतात, चंदीगडला होते, आणि ती कल्पना त्यांना त्याच मुक्कामात सुचली. पुढच्या मुद्रणांचं त्याने भलंच केलं. व्हॅनगार्डची टेप त्याआधीची. तिच्यात सरसर पूर्ण मोकळी आहे.

तिच्यासोबत ग्लासही आहेत. ग्लास किणकिणतात, कुणीतरी हसतं, टेबलावर गप्पा चालू आहेत. त्या मंडळींचा मला पूर्वी फार राग यायचा. समोर हे तिघे आणि तुम्ही बोलता? मग कधीतरी तारखा शेजारी शेजारी ठेवल्या. त्या रविवारनंतर अकराव्या दिवशी, ६ जुलैला, लफारो मोटार अपघातात गेला. वय २५. या तिघांची ती शेवटची टेप. तेव्हापासून मला त्या गप्पांमधली एकही पुसलेली नको. ते बोलताहेत कारण त्यांना वाटतंय, पुढच्या आठवड्यात परत ऐकता येईल.

२००५ साली त्या दिवसाची सगळी मुद्रणं तीन सीडींवर ओळीने आली. सुरुवातीलाच 'ग्लोरियाज स्टेप' आहे, लफारोचीच रचना. तळघरातली वीज मधेच गेली होती, म्हणून ते वादन तेव्हा बाजूला ठेवलं होतं. मी पहिल्यांदा ऐकत होतो तेव्हा त्या जागी सगळं गेलं: पियानो, बास, ग्लास, आणि तीही. इतकी कोरी शांतता त्या दिवसाच्या आवाजात मी ऐकली नव्हती. हेडफोनची वायर निघाली असं वाटून मी पिनेशी चाचपडलो. पिन जागेवरच होती. मग ती परत आली, आणि तिच्याबरोबर लफारोचा बास.