माकणीची आत्या विमानात

माकणी हे लोहारा तालुक्यातलं गाव. धाराशिव जिल्ह्याच्या नकाशावर शोधायला गेलात, तर आधी तेरणा नदीवरचं मोठं निळं पाणी सापडेल आणि मग गाव. त्या पाण्याचं सरकारी नाव निम्न तेरणा प्रकल्प. आम्हा भाचरांसाठी मात्र ते 'आत्याचं धरण'. संसारात पडल्यापासून माझं तिकडे जाणं कमीच झालं. गेल्या हिवाळ्यात गेले, ती आत्याला विमानानं दिल्लीला न्यायला.

आत्याचा धाकटा मुलगा दिल्लीला नोकरीला. सुनेचे दिवस भरत आलेले आणि तिला माहेरचं कुणी नाही. आत्या सत्तरीची, शुगर आणि बीपी दोन्ही सोबतीला. आगगाडीचे हाल नकोत म्हणून मुलानं विमानाची तिकिटं काढली, आणि आत्याची झोप उडाली.

संध्याकाळी आम्ही दोघी पाण्याकडे फिरायला गेलो. शेतात ज्वारी उभी, वारा गार सुटलेला. आत्या एकदम म्हणाली, "पोरी, यष्टीत काही झालं तर कंडक्टर घंटी मारतो. गाडी थांबते, माणसं धावून येतात. तिथं वर आभाळात जिवाला काही झालं तर कोण हाय गं?"

मी हसण्यावारी नेलं. पण आत्याचं बोलणं हसण्यावारी न्यायचं नसतं. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी, या भागाला भूकंपाचा धक्का बसला तेव्हा तिच्या घराची दगडमातीची भिंत तिच्यावर कोसळली होती. तिला बाहेर काढलं ते शेजारच्यांनी, हातांनी दगड उपसून. जवळ कोण आहे यावर जीव ठरतो, हे ती अनुभवानं शिकलेली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच गाडीनं उमरग्याला आलो आणि हैदराबादचा महामार्ग धरला. हुमनाबाद गेलं, जहीराबाद गेलं. वाटेत मी दशमी पुढे केली, पाणी दिलं. आत्या "नको गं, आता नको" म्हणत राहिली. वाटेत बाईमाणसानं जायचं कुठं, ही आपली जुनी धास्ती! पोटात अन्न नाही, पाणी नाही. मात्र सकाळची शुगरची गोळी तिनं नेमानं घेतलेली. आणि मी शहाणी! तिच्या औषधांची पिशवी, डॉक्टरांची चिठ्ठी, सगळं मोठ्या बॅगेत भरून विमानतळावर सामानात देऊन मोकळी.

विमान वर गेलं. आत्यानं खिडकीतून ढग पाहिले, हात जोडले. तासाभरानं मी वळून बघते तर तिचा चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम, हात थरथरतायत. "आत्या, काय होतंय?" तर बोलणंही अडखळणारं. माझे हातपाय गळाले. डोक्यावरचं बटण दाबायचंही सुचेना. पलीकडच्या गृहस्थांनी दाबलं.

हवाई सुंदरी धावत आली. ध्वनिक्षेपकावर विचारणा झाली, "प्रवाशांत कुणी डॉक्टर आहेत का?" मागच्या रांगेतून एक तरुण मुलगी उठली, कॉलेजातली वाटावी अशी. नाडी पाहत तिनं विचारलं, "शुगर आहे? गोळी कुठली? शेवटचं कधी जेवल्या?" गोळीचं नाव मला सांगता येईना. त्या क्षणी वाटलं, जमीन दुभंगावी. पण जमीन तर हजारो फूट खाली.

आत्याला गिळता येतंय याची खात्री करून तिनं साखर घातलेला रस घोटघोट पाजला. वैमानिकानं निरोप पाठवून विचारलं, नागपूरला उतरायचं का? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दहा मिनिटं पाहू." त्या दहा मिनिटांत आत्याच्या ओठांवर रंग आला आणि ती पुटपुटली, "दशमी कुठाय गं?" रडू आणि हसू मला एकदमच आलं.

मग डॉक्टरीणबाईंनीच समजावलं. विमानात आतल्या हवेचा दाब जमिनीसारखा नसतो. ६ ते ८ हजार फूट उंचीवर असावा तेवढा असतो. म्हणजे आपण कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही उंच बसलेलो असतो. प्राणवायू कमी, हवा कोरडी. धडधाकट माणसाला कळतही नाही, पण हृदयाच्या, दम्याच्या रुग्णाला किंवा उपाशी माणसाला त्रास होऊ शकतो.

घरी आल्यावर मी वाचून काढलं. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी विमानातल्या सुमारे १२ हजार घटनांचा अभ्यास २०१३ साली छापला. साधारण ६०० उड्डाणांमागे एकदा कुणाला तरी बरं नाहीसं होतं. त्यात सगळ्यांत जास्त चक्कर आणि भोवळ. जवळजवळ निम्म्या वेळा प्रवासी डॉक्टरच मदतीला आले. मरण पावले ते हजारात तिघे. आपल्या मराठवाड्याचे बालशल्यचिकित्सक डॉ. भागवत कराड केंद्रात मंत्री असताना, नोव्हेंबर २०२१मध्ये दिल्ली-मुंबई विमानात एका सहप्रवाशासाठी असेच उठले होते. रुग्णाचे पाय उंच करून, ग्लुकोज देऊन त्यांनी त्याला सावरलं.

प्रत्येक गोष्ट गोड होत नाही. २७ ऑगस्ट २०२१ला मस्कतहून ढाक्याला निघालेल्या विमानाच्या वैमानिकालाच हृदयविकाराचा झटका आला. सहवैमानिकानं विमान नागपूरला सुखरूप उतरवलं. प्रवासी वाचले, वैमानिक तीन दिवसांनी तिथल्या रुग्णालयात गेले. बरोबर दोन वर्षांनी, २७ ऑगस्ट २०२३ला, बंगळुरूहून दिल्लीला जाणाऱ्या विमानात हृदयाची शस्त्रक्रिया झालेली एक चिमुरडी निपचित पडली. विमानात दिल्लीच्या एम्सचे पाच डॉक्टर होते. पाऊण तास झुंजून त्यांनी तिचं हृदय चालू केलं आणि विमान नागपूरला उतरलं. पुढे काही दिवसांनी ती बाळी गेलीच. पण तिच्यासाठी माणसं झुंजली, हे काय थोडं?

आणि वरच कुणी गेलं तर? तेही आत्यानं विचारलंच होतं. जमेल तिथं रिकाम्या रांगेत नेतात, डोळे मिटतात, पट्टा बांधून गळ्यापर्यंत पांघरूण घालतात. टाकून कुणी देत नाही.

मैत्रिणींनो, माझ्या चुकीतून एवढं शिका. औषधं, इन्सुलिन आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पर्समध्येच ठेवा. शुगर असणाऱ्यानं गोळी घेऊन उपाशी राहू नये. खडीसाखर जवळ असावी. मात्र बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका. पाणी प्या, अधूनमधून पाय हलवा. नुकतंच ऑपरेशन झालं असेल, हृदयाचं दुखणं असेल किंवा दिवस गेले असतील, तर तिकिटाआधी डॉक्टरांना विचारा. आणि मंडळात एकदा डॉक्टरांना बोलावून छाती दाबायची रीत शिकून घ्या. छातीच्या मधोमध, दोन्ही हातांनी, जोरात, मिनिटाला १०० ते १२० वेळा. माकणीत काय नि विमानात काय, डॉक्टर येईपर्यंत हात आपलेच.

दिल्लीत नात झाली. आत्या आता माकणीला परतली आहे. तिच्या कमरेच्या पिशवीत पानतंबाखूच्या जागी खडीसाखर आली आहे. कुणी विमानाचं विचारलं की सांगते, "वरसुद्धा माणसंच असतात, बाई. फक्त आपण खाऊन निघावं."