लॅमिंग्टन रोडवर कानांची खरेदी

दिवस शनिवार. वेळ सकाळी साडेअकरा. खिशात बोनसमधले वीस हजार रुपये आणि डोक्यात सहा महिने वळवळणारा एकच किडा : एकदा तरी 'खरा' हेडफोन घ्यायचा! सेलमध्ये उचललेला, वर्षभरात एका कानाने मान टाकणारा नव्हे. आणि त्याच्या जोडीला झेपेल असा एखादा अँप्लिफायर.

ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरलं, की पाच मिनिटांत आपण लॅमिंग्टन रोडवर. पाटीवर नाव आहे 'डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग', पण टॅक्सीवाल्याला तसं सांगून बघा, तो दोन सेकंद विचार करतो. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. साहेब गेले, त्यांचं नाव मात्र जिभेवरून जायला तयार नाही. एकेकाळी हा रस्ता सिनेमाचा. 'नाझ' बिल्डिंगमध्ये डिस्ट्रिब्युटर्स बसायचे, पिक्चर चालला की पडला ते तिथे आधी कळायचं. दक्षिणेच्या टोकाला ऑपेरा हाउस, १९९३ मध्ये बंद पडलेलं आणि २०१६ मध्ये पुन्हा उघडलेलं. आणि मधल्या सगळ्या गल्ल्यांत इलेक्ट्रॉनिक्स, इलेक्ट्रॉनिक्स आणि फक्त इलेक्ट्रॉनिक्स.

इथली दुकानं म्हणजे मजा आहे. काउंटर चार फुटांचा, पण मागच्या भिंतीवर छपरापर्यंत प्लास्टिकचे छोटे खण. रेझिस्टर, कपॅसिटर, स्विच, सोल्डरिंगची तार. कॉलेजचं प्रोजेक्ट करणारी पोरं हातात यादी घेऊन उभी. मॉलसारखं 'मे आय हेल्प यू सर' इथे नाही. इथे थेट प्रश्न येतो, "कितने ओहम का चाहिए?"

आणि गंमत म्हणजे हेडफोन घेतानाही नेमका हाच प्रश्न महत्त्वाचा असतो!

आधी कान, मग दुकान

पण इथे येण्याआधी मी एक वेगळंच काम केलं होतं. कान तपासून घेतले. दिवसभर हेडसेट लावून कॉल्स, येता-जाता लोकलच्या खडखडाटावर मात करायला फुल व्हॉल्यूम. एक दिवस लक्षात आलं, मीटिंगमध्ये मी लोकांना फार वेळा "सॉरी?" विचारतोय. ऑडिओमेट्री केली. साउंडप्रूफ खोलीत बसायचं, टुंग ऐकू आलं की बटण दाबायचं, वीसेक मिनिटांत खेळ खलास. ग्राफवर उजव्या कानाला चार हजार हर्ट्झपाशी एक छोटासा खड्डा.

डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं नाही, पण हा खड्डा आवाजाने पडतो आणि परत भरून येत नाही.

मला तो खड्डा ओळखीचा होता. बाबांच्या ग्राफवर तिथे दरी आहे. बाबा १९७५ मध्ये गिरणीत लागले, साचा खात्यात. शेकडो माग एकत्र धडधडणार, शेजारच्याशी बोलायचं तर हातवारे आणि ओठांवरून. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि बाबांचे साचे कायमचे थांबले, पण कानांचं व्हायचं ते तोवर झालं होतं. आता टीव्हीचा आवाज चाळीवरून फ्लॅटमध्ये आलो तरी चाळभर ऐकू जाईल इतका.

तेव्हा मंडळी, माझी पहिली अट ठरली : कमी आवाजात जास्त ऐकू येईल असा हेडफोन. घर दमदमवणारा नको.

उघडा की बंद?

माइक, मिक्सर, स्पीकर विकणाऱ्या एका प्रो-ऑडिओच्या दुकानात शिरलो. काउंटरवरचे काका मराठी निघाले. "बोला साहेब, कुठे बसून ऐकणार?" बजेटच्या आधी जागा विचारणारा दुकानदार भेटला, तर समजा योग्य ठिकाणी आलात.

कारण फंडा साधा आहे. हेडफोन दोन जातींचे. 'क्लोज्ड बॅक' म्हणजे मागून बंद. बाहेरचा गोंगाट आत कमी येतो, आतलं गाणं बाहेर कमी जातं. ऑफिससाठी हेच. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो किंवा ऑडिओ-टेक्निकाचा एम५०एक्स हे या घराण्यातले स्टुडिओतले जुने मानकरी. 'ओपन बॅक' म्हणजे मागे जाळी. आवाज कानाभोवती मोकळा पसरतो, गायक डोक्याच्या आत न बसता समोर बसल्यासारखा वाटतो. पण शेजारच्यालाही गाणं ऐकू जातं, आणि कुकरची शिट्टी तुम्हाला. लोकलमध्ये तर याचा शून्य उपयोग. तिथे कानात घट्ट बसणारे इअरफोनच बरे, कारण बाहेरचा गोंगाट अडला की व्हॉल्यूम आपोआप खाली येतो.

मी ऐकतो रात्री, घरी, शांततेत. म्हणजे ओपन बॅक. सेन्हायझरने असा पहिला हेडफोन, एचडी ४१४, १९६८ मध्ये बाजारात आणला, तेव्हापासून ही त्यांची खासियत. काकांकडे ऐकायला दोन होते : १९९७ पासून लोकांच्या गळ्यातला ताईत असलेला एचडी ६००, आणि २०२० मध्ये आलेला एचडी ५६०एस. पहिला माझ्या बजेटबाहेर, दुसरा सेल असताना पंधरा हजारांच्या आसपास.

ऐकताना काकांनी एक गोष्ट कटाक्षाने केली. दोन्हींचा आवाज सारखा करून दिला. "ज्याचा आवाज मोठा तो चांगला वाटतो साहेब. अर्धी विक्री त्याच्यावरच होते!" तुम्हीही दुकानात हे करा. गाणी आपली न्या, वर्षानुवर्षं ऐकलेली. मी वसंतराव देशपांड्यांचं एक नाट्यगीत नेलं होतं. वीस मिनिटं डोक्यावर ठेवा. चष्मा असेल तर दांडीवर दाब येतो का बघा. पाच मिनिटांत आवडलेला हेडफोन विसाव्या मिनिटाला टोचू शकतो!

ओहमचा चकवा

आता अँप. इथेच बजेटचे वांदे होतात, कारण सगळे सांगतात, 'ओहम जास्त, म्हणजे अँप पाहिजेच.' अर्धसत्य! ओहमच्या जोडीला सेन्सिटिव्हिटी बघायची, म्हणजे ठरावीक वीज दिल्यावर आवाज किती येतो ते.

एचडी ६०० हा ३०० ओहमचा, एक मिलीवॅटला ९७ डेसिबल. फोनला लावायच्या अॅपलच्या छोट्याशा डाँगलमधून जास्तीत जास्त एक व्होल्ट मिळतो. एक व्होल्टला ३०० ओहमवर होतात सव्वातीन मिलीवॅटच्या आसपास, म्हणजे आवाज १०२ डेसिबलपर्यंत. बऱ्याच गाण्यांना पुरतं. पण आलापीसारखं हळू रेकॉर्डिंग असेल तर आणखी व्होल्टेज हवंसं वाटतं, तिथे अँपला अर्थ आहे. एचडी ५६०एस १२० ओहमचा, पण एक व्होल्टला सरळ ११० डेसिबल! म्हणजे हजारेक रुपयांच्या डाँगलवर तो माझ्या कानांना झेपेल त्याहून मोठ्याने वाजतो.

उलटा प्रकारही आहे. 'प्लॅनर' जातीचे काही हेडफोन ओहमने कमी, पण सेन्सिटिव्हिटी ९०-९१. त्यांना व्होल्टेजपेक्षा करंट लागतो. ओहम कमी बघून घेतलेत आणि फोनला लावलेत, तर आवाज मरतुकडा.

आणखी दोन गोष्टी. अँपचा 'आउटपुट इम्पीडन्स' हेडफोनच्या ओहमच्या एक अष्टमांशाहून कमी असावा, नाहीतर काही हेडफोनचा बास बिघडतो. आणि वॅट दुप्पट झाले म्हणजे आवाज दुप्पट होत नाही, फक्त तीन डेसिबल वाढतो. बॉक्सवरच्या मोठ्या आकड्याला भुलून चार हजार जादा देण्याआधी हे आठवा!

काकांना विचारलं, "मग अँप नको?" ते हसले. "विकायचा असता तर हो म्हणालो असतो."

कंपासपेटीतला अँप

पण लॅमिंग्टन रोडला येऊन रिकाम्या हाताने जायचं? छे!

या छंदात दोन माणसांच्या गोष्टी मला फार आवडतात. एक चू मॉय. त्यांनी नव्वदच्या दशकात नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या हेडफोन अँपचं सर्किट सगळ्यांसाठी खुलं केलं. जगभरातल्या हौशी मंडळींनी ते पेपरमिंटच्या पत्र्याच्या डबीत बसवलं आणि त्याचं नावच 'सीमॉय' पडलं. दुसरा एक अनामिक इंजिनिअर. २०११ मध्ये त्याने 'ओ२' नावाच्या अँपचं डिझाइन फुकट दिलं. स्वच्छ आवाजाला महागडे पार्ट लागत नाहीत, हे मोजमापांसह दाखवलं. २०१२ मध्ये तो गायब झाला तो आजवर!

पुढच्या गल्लीत यादी काढली. ओपीए २१३४ हा ऑप-अँप, दोन मोठे कपॅसिटर, दोन छोटे, डझनभर रेझिस्टर, डबल पोटेंशिओमीटर, दोन जॅक, बॅटरीची क्लिप. काउंटरवरचा मुलगा प्रामाणिक. "ये वाला सस्ता है, पर ओरिजिनल नहीं है." ओरिजिनल घेतला. सगळं मिळून सहाशेच्या आत.

एक बदल मात्र केला. मूळ सर्किट आवाजाचा सिग्नल अकरा पट वाढवतं. माझ्या हेडफोनला ते म्हणजे मुंगीवर तोफ. दहा हजार ओहमच्या जागी दोन हजार दोनशेचा रेझिस्टर लावला, की ते तीन पटींवर येतं. डबी म्हणून भाचीची जुनी कंपासपेटी, तळाला पुठ्ठा, म्हणजे शॉर्ट नको. आणि महत्त्वाचं : हेडफोन लावण्याआधी आउटपुटला मल्टिमीटरने डीसी व्होल्टेज बघा. जवळजवळ शून्यच हवं, नाहीतर पंधरा हजार धुरात!

खरं सांगतो, या अँपची मला गरज नव्हती. फोनच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या व्हॉल्यूमपेक्षा बोटांना गोल फिरणारा नॉब हवा होता, रेडिओचा असायचा तसा.

बाबांचा नॉब

चार दिवसांनी हेडफोन आला. रात्री सगळं जोडलं. माझा नॉब घड्याळातल्या दहावर. वसंतरावांच्या मागचा तंबोरा पहिल्यांदा नीट वेगळा ऐकू आला, तोही एवढ्या हळू आवाजात. हेच तर हवं होतं!

बाबा बघत होते. त्यांच्या कानांवर लावला. त्यांनी नॉब धरला आणि फिरवला. बारा. दोन. तीन. जाळीतून गाणं एवढं बाहेर आलं, की स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "अहो, हळू!" मी हात पुढे करून नॉब एकवर आणला.

"आवाज येतोय रे," बाबा म्हणाले, "शब्द येत नाहीत."

तिथे माझी ट्यूब पेटली. क, त, स, श या अक्षरांची धार वरच्या पट्टीत असते, आणि नेमकी तीच पट्टी साच्यांनी खाल्लेली. व्हॉल्यूम वाढवला, की जे ऐकू येतंय तेच मोठं होतं. जे गेलंय ते गेलेलंच राहतं, वर उरलेल्या कानांचंही नुकसान. बाबांना जो अँप हवा, तो वेगळा. फक्त गेलेली पट्टी मोजून उचलणारा, कानामागे बसणारा. हिअरिंग एड म्हणजे तरी काय, माणसागणिक ट्यून केलेला अँपच! आणि त्याचं नाव काढलं, की बाबा गेली दहा वर्षं विषय बदलतात.

मी हिशेब मांडला. हेडफोन पंधरा, डाँगल एक, पार्ट सहाशे. उरले तीन हजार चारशे. "बाबा, अँपचे पैसे वाचलेत. शनिवारी तुमची तपासणी करून येऊ. नुसतं लावून बघा. नाही आवडलं, तर नाही घ्यायचं. दुकानात मी वीस मिनिटं लावून बघितला ना, तसंच."

बाबांनी हेडफोन काढून नीट माझ्या हातात दिला. कंपासपेटी उघडून आतल्या तारा बघितल्या. सोल्डरिंग जरा कच्चं आहे म्हणाले.

मग म्हणाले, "किती वाजता जायचं?"

जाता जाता

- लॅमिंग्टन रोडला रविवारी बहुतेक दुकानं बंद. शनिवारी दुपारच्या आत गाठा.
- पैशांची वाटणी : मोठा हिस्सा हेडफोनला. अँप नंतर, आणि गरज असेल तरच.
- बिल आणि वॉरंटी कार्ड घेतल्याशिवाय ब्रँडेड वस्तू उचलू नका. 'सेम टू सेम' म्हणजे सेम नसतं.
- जागतिक आरोग्य संघटनेचा मोठ्यांसाठीचा हिशेब : ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी.
- कानांची तपासणीही बजेटमध्ये धरा. एवढा भारी हेडफोन शेवटी त्यांच्यावरच बसणार आहे!