दोन काचांमधले धुके

माझ्या हाताला खडूखेरीज दुसरे कोणतेही हत्यार शोभत नाही, याबद्दल आमच्या घरात एकमत आहे. एरवी आमच्याकडे एकमत ही वस्तू दुर्मीळ. पण भिंतीत खिळा ठोकायचा प्रसंग आला, की आई, आमच्या सौभाग्यवती आणि चिरंजीव हे तिन्ही पक्ष एका झेंड्याखाली गोळा होतात आणि हातोडी माझ्या हातातून काढून घेतात. मराठीच्या प्राध्यापकाने संधी सोडवावेत, समास सोडवावेत. स्क्रू सोडवण्याच्या फंदात पडू नये, असे त्यांचे म्हणणे. हे सारे ठाऊक असूनही २०२१ च्या पावसाळ्यात मी एक खिडकी दुरुस्त केली. त्या दुरुस्तीची ही हकीकत.

आमचे बिऱ्हाड पुण्यात, कर्वे रस्त्याला लागून, पहिल्या मजल्यावर. रस्त्यात मेट्रोचे खांब उभे राहू लागले, तेव्हा दिवसा यंत्रांची घरघर आणि रात्री अडकलेल्या मोटारींचे भोंगे असा चोवीस तासांचा जलसा सुरू झाला. तपासायला आणलेल्या उत्तरपत्रिकांत मी त्या भोंग्यांच्या तालावर गुण देऊ लागलो. अखेर २०१८ साली जुन्या सागवानी खिडक्या काढून आम्ही यूपीव्हीसीच्या, दुहेरी काचेच्या खिडक्या बसवून घेतल्या. जुन्या खिडक्यांचे सारे कळण्यासारखे होते. तावदान फुटले की सुतार यायचा, चुका मारायचा, लांबी भरायचा आणि निघून जायचा. ती ओली लांबी बोटाने कोरून तिचे उंदीर करणे हा माझ्या लहानपणीचा मोठा उद्योग होता. नव्या खिडकीत कोरण्यासारखे काही नव्हते. ती बंद केली, की कुणीतरी रस्त्याच्या तोंडावर हात ठेवावा तसे व्हायचे. भोंगे दूर जात. बसची खर्जातली घरघर मात्र काचेला जुमानत नाही, ती अजूनही पायांखालच्या फरशीतून कळते.

वास्तविक ही कल्पना थंड मुलखातली. अमेरिकेत थॉमस स्टेटसन नावाच्या गृहस्थांनी १८६५ सालीच दोन काचांच्या खिडकीचे पेटंट घेतले होते, तेही घरातली ऊब घरातच राहावी म्हणून. आपण तीच खिडकी भोंग्यांसाठी वापरतो. गरजा निराळ्या, काच तीच.

या खिडकीने आईचे मात्र नुकसान झाले. तिची जागा खिडकीपाशी, एका बुटक्या वेताच्या खुर्चीत. मधले मोठे तावदान जमिनीपासून दीड-दोन फुटांवर सुरू होते, ते पक्के बसवलेले. दोन्ही बाजूंना उघडणारी झडपे. भाजीवाल्याची हाक, रद्दीवाल्याची आरोळी, शाळेच्या रिक्षातला कलकलाट यांवर तिचे घड्याळ चालायचे. ते सगळे एका दिवसात बंद पडले. चार दिवस ती गप्प होती. मग म्हणाली, “ऐकू नाही आलं तर नाही. दिसतंय ना!” आणि तिने सगळा कारभार डोळ्यांवर सोपवला. कुठल्या हातगाडीवर मेथी आहे आणि समोरच्या बाल्कनीतल्या काकूंनी आज तुळशीला पाणी घातले की नाही, हे ती त्या काचेतून सांगू लागली. २०२० मध्ये दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूंची शस्त्रक्रिया झाल्यावर तर या निरीक्षणाला धारच आली.

आता माझा पराक्रम. २०२१ च्या आषाढात त्या मधल्या तावदानाच्या खालून घरात पाणी येऊ लागले. बाजूचे झडप उघडून, मान बाहेर काढून मी पाहणी केली, तो चौकटीच्या खालच्या अंगाला चक्क दोन लांबट भोके! पैसे मोजून घेतलेल्या खिडकीला भोके ठेवणाऱ्या कारागिराचा मी मनसोक्त उद्धार केला, कोपऱ्यावरच्या दुकानातून सिलिकॉनची नळी आणली आणि ती भोके पक्की बुजवून टाकली. शिवाय आतल्या बाजूने काच आणि चौकट यांच्या सांध्यावरही सिलिकॉनची जाडजूड रेघ ओढली. दोन दिवस घरभर व्हिनेगरसारखा आंबूस वास येत राहिला. पण पाणी बंद झाले! त्या पावसाळ्यात झाले, पुढच्यातही झाले. ज्या घराने माझ्या हातातली हातोडी काढून घेतली होती, त्या घराला मी ती खिडकी जवळ बोलावून दाखवत असे.

२०२३ ची दिवाळी झाली, थंडी पडू लागली, आणि आई म्हणाली, “अरे, मला सकाळचं अंधुक दिसतंय.”

आम्ही पुन्हा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बाहुल्या मोठ्या करून दोन्ही डोळे तपासले आणि डोळे उत्तम असल्याचे सांगितले. परत येताना रिक्षात मी, जरा मोठ्याने, तिला तेच दोनदा सांगितले. पुढच्या आठवड्यात तिने पुन्हा तक्रार केली. संध्याकाळी कॉलेजातून आल्यावर मी खिडकीपाशी उभा राहिलो, बाहेर पाहिले. समोरच्या दुकानाची पाटी लख्ख वाचता येत होती. “आई, डॉक्टरांनी सांगितलंय ना?” मी म्हणालो. त्या “ना”मध्ये जो सूर होता, तो मी वर्गात शेवटच्या बाकासाठी वापरतो.

त्यानंतर तिने तक्रार केली नाही. मला बरे वाटले. तिने भाजीवाल्याविषयी सांगणेही सोडले, जिना एकटीने उतरणे सोडले, वर्तमानपत्राची घडी तशीच ठेवू लागली. पण या गोष्टी एकेक करून घडत गेल्या आणि त्या एकत्र मांडून पाहण्याचे कुणाला सुचले नाही. विचारले तर म्हणायची, “दिसतंय हो, सगळं दिसतंय.” समोरच्या काकू एकदा आमच्या सौभाग्यवतींना मंडईत भेटल्या. “तुमच्या सासूबाई रागावल्यात का माझ्यावर? रोज सकाळी हात करते, बघतच नाहीत,” असे म्हणाल्या. आम्ही हसलो. वयाचा भाग म्हणून सोडून दिले.

पौषातल्या एका सकाळी आई मावशीकडे गेलेली, मला सुटी. एरवी पावणेसातला मी घराबाहेर असतो. त्या दिवशी चहाचा कप घेऊन सहज तिच्या खुर्चीत बसलो आणि समोर पाहिले.

समोर धुके होते. पुण्याला इतके दाट धुके कुठून आले म्हणून जरा उठलो, तो रस्ता स्वच्छ! बसलो, की धुके. उठलो, की उजेड. आईच्या डोळ्यांच्या उंचीला तावदानाचा खालचा सगळा पट्टा दुधाळला होता. मी रुमालाने आतून पुसले. जाईना. झडप उघडून हात लांबवून बाहेरून पुसले. तरी जाईना. ते धुके आतही नव्हते आणि बाहेरही नव्हते. दहाच्या सुमाराला काचेवर ऊन आले आणि ते आपले आपण विरून गेले. माझी कॉलेजातून परतण्याची वेळ होईतो तिथे काही उरत नसे.

चहा गार झाला होता. मी बराच वेळ त्या बुटक्या खुर्चीत बसून होतो.

मग काचेच्या कामाचा एक तरुण कारागीर बोलावला. त्याने तोंडाने फार काही सांगितले नाही, पण हाताने सगळे शिकवले. दुहेरी काच म्हणजे दोन सुट्या काचा नव्हेत, तो एक बंद डबा असतो. आमची काच ५ मिलिमीटरची एक, तेवढीच दुसरी, आणि मध्ये १२ मिलिमीटरची कोरड्या हवेची पोकळी. कडेने जी ॲल्युमिनियमची पट्टी दिसते ती आतून पोकळ. तिच्यात ओलावा शोषणारे बारीक दाणे भरलेले असतात. नव्या बुटांच्या खोक्यात पुडी निघते ना, तसल्याच जातीचे. या डब्याच्या कडा चिकट लेपाने बंद केलेल्या असतात. तो लेप कुठे सुटला, की दमट हवा आत शिरते, दाणे पितील तितके पितात, तृप्त होतात, आणि मग थंडीतल्या सकाळी बाहेरची काच गारठली की तिच्या आतल्या अंगावर दव जमते. पुसायला तिथे कुणाचाच हात पोहोचत नाही.

(सगळ्याच धुक्याला भिऊ नये. पावसाळ्यात खोली यंत्राने थंड केली, की बाहेरच्या अंगावर घाम येतो. तो पुसला जातो आणि त्यात खिडकीचा काही दोष नाही. आतल्या अंगावर आला, तर खोलीत ओल फार, दारे-खिडक्या उघडून वारा घ्यावा. दोन्हीकडून पुसून जे जात नाही, तेवढेच खरे दुखणे.)

“पण लेप सुटला कशानं?” मी विचारले.

त्याने उत्तर दिले नाही. झडपातून हात बाहेर काढला, चौकट चाचपली आणि माझ्याकडे वळून म्हणाला, “सर, ही भोकं कुणी बुजवली?”

आई मावशीकडून परतली होती, आपल्या खुर्चीत बसली होती. तिने माझ्याकडे पाहिले. काही बोलली नाही.

सायकलच्या चाकाची तार वाकवून त्याने माझे सिलिकॉन टोकरून काढले. आधी काळपट चिखल आला, कबुतराचे एक पीस आले आणि मागोमाग पाण्याची धार लागली. पावसाळा सरून तीन महिने झाले होते! ती भोके पाणी आत यायची नव्हती, बाहेर जायची होती. बाहेरचे रबर कोपऱ्यात आखडले, की थोडे पाणी चौकटीत उतरतेच. खिडकी घडवणाऱ्याने ते धरूनच त्याला वाट ठेवलेली असते. मेट्रोच्या धुळीने ती वाट तुंबली, म्हणून पाणी घरात ओसंडले होते. तारेची दोन टोचणी पुरली असती. मी बाहेरची वाट बंद केली, आतलीही बंद केली, आणि दोन वर्षे काचेची खालची कड पाण्यात उभी ठेवली. माझ्या सिलिकॉनचा वास घेऊन तो म्हणाला, “हे ॲसिडवालं आहे, काचेच्या लेपालाच खातं. दुसरं बिनवासाचं, न्यूट्रल मिळतं.” संध्याकाळी मी खणातला हमीचा कागद काढला. पाणी जाण्याचे मार्ग बंद केल्यास हमी लागू राहणार नाही, असे त्यात स्वच्छ छापले होते. दोन ओळींच्या मधले वाचायला शिकवण्याचा मी पगार घेतो; नुसत्या ओळी वाचायच्या राहून गेल्या.

काचेला बारीक छिद्र पाडून ओल सुकवावी, अशीही एक युक्ती कुणी सुचवली. कारागिराने मान हलवली. धुके काही दिवस जाते, पण डबा फुटका तो फुटकाच राहतो. चौकट मात्र बदलावी लागत नाही, तेवढा काचेचा संच नवा घ्यायचा. बंद केलेला संच नंतर कापता येत नाही, म्हणून त्याने माप तीनदा घेतले. बाकी दुखणी त्याने येता-जाता उरकली: आखडलेले रबर बदलले, कुरकुरणाऱ्या मुठीला तेलाचा थेंब दिला, ओघळलेले झडप बिजागरीचा स्क्रू पिळून वर घेतले.

दहा दिवसांनी नवी काच आली. आतल्या पट्ट्या त्याने निघताना आधी लांब, मग आखूड अशा काढल्या. बसवताना आधी आखूड. रबरी वाट्यांच्या पकडीने जुनी काच उचलून दोघांनी ती खाली नेली, आणि चौकट साफ होईपर्यंत अर्धा तास तिथे काहीच नव्हते. रस्ता सरळ घरात आला. भोंगे, घरघर, कुणाचे तरी भांडण. आईने खुर्ची आणखी पुढे ओढली. “हा रद्दीवाला नवा दिसतोय,” ती म्हणाली, “जुन्याचा आवाज घोगरा होता.” मी तिच्या शेजारी जमिनीवर बसलो. पुष्कळ काही बोलायचे ठरवले होते. “तू मला परत का सांगितलं नाहीस?” एवढेच निघाले, आणि तेही तक्रारीच्या सुरात.

“तू म्हणालास ना, डोळे चांगले आहेत म्हणून,” ती म्हणाली. “मला वाटलं, डोक्याचंच काहीतरी झालं असेल. ते कुठे बोलायचं?”

तेवढ्यात नवी काच वर आली. खाली प्लॅस्टिकच्या चिपा ठेवून, चौकटीला न टेकवता, त्यांनी ती बसवली आणि रस्ता पुन्हा मुका झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला निघताना पाहिले, तर आई समोरच्या बाल्कनीकडे बघून हात हलवत होती. कॉलेजला मला थोडा उशीर झाला.

आता दर वर्षी मृग लागायच्या आधीच्या रविवारी मी सायकलची तार घेऊन त्या भोकांतली घाण काढतो. मग खाली अंगणात जाऊन वर बघत उभा राहतो. आई बाजूचे झडप उघडते आणि चौकटीच्या खोबणीत फुलपात्राने पाणी ओतते.

“आलं का रे?” ती वरून विचारते.

“आलं,” मी खालून ओरडतो.

“नीट बघ. दोन्हीकडून आलं का?”