बिनपगारी रजा

नोकरीला २५ वर्षे झाल्यावर मी ३ महिन्यांची बिनपगारी रजा मागितली. कारणाच्या रकान्यात 'लेखनासाठी' असे लिहिले. अर्ज परत आला. असे कारण नियमात बसत नाही म्हणे. मग 'घरगुती अडचण' लिहिले आणि रजा मंजूर झाली. पत्नी एवढेच म्हणाली, "जा. पण परत आल्यावर, लिहायला वेळच मिळत नाही, हे पुन्हा ऐकवायचं नाही."

ही २०२२ च्या जूनमधली गोष्ट. खानापूर तालुक्यात नंदगडच्या पुढे आमचे जुने कौलारू घर आहे. तिथे ८० वर्षांची काकी एकटी राहते. बेळगावहून निघताना मी दोन लेंगे, दोन सदरे आणि पाच दस्ते कागद घेतले. महिन्याचा खर्च ४,००० रुपयांत बसवायचा होता, तो बसला. उकड्या तांदळाचा भात, कुळथाची आमटी, परड्यातली भाजी, दोन वेळा चहा. साधे राहणे फारच सोपे निघाले. अडचण आली ती लिहिण्याचीच.

नोकरी नसती तर आपण लिहिले असते, ही समजूत मी २५ वर्षे जपली होती. तशी आपल्या भागात तिला फारसा आधार नाही. जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवत, इंदिरा संत बेळगावात अध्यापन करत. पण सोयीचे नसलेले आपण आठवत नाही.

कादंबरी आजोबांवर होती. १९५८ च्या सीमा सत्याग्रहात ते तुरुंगात गेले होते. बाहेर पाऊस कोसळत होता आणि महिन्याभरात माझी १४० पाने झाली. मी खुशीत होतो. एका रात्री वीज गेली तेव्हा काकी म्हणाली, "काय लिहूलास रे एवढं? वाचून तरी दाखव." कंदिलापाशी बसून मी तीन प्रकरणे वाचली. ती निखारे सारत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "सगळे नुसती भाषणंच करतात की. ह्यात कोण जेवत नाही काय रे?"

मला राग आला. जेवणाचे काय घेऊन बसली ही! पण दुसऱ्या दिवशी तिने आपणहून सांगितले. त्या वर्षी ती या घरात नवी नवरी म्हणून आली होती, १६ वर्षांची. घरातले दोन्ही कर्ते पुरुष तुरुंगात, भात पिकून उभे आणि आभाळ भरून आलेले. तेव्हा पलीकडच्या घरचे कन्नड बोलणारे अज्जा मुलांना घेऊन आले. चार दिवसांत आमची सुगी उरकून, भात झोडून त्यांनी आमच्या कणगीत भरले. त्यांचे स्वतःचे शेत मागे राहिले आणि पावसात आडवे झाले. आजोबा सुटून आल्यावर गावाने त्यांचा सत्कार केला. अज्जांचे नाव कुणी काढले नाही. आजोबांनीही नाही.

माझ्या १४० पानांत कन्नड बोलणारा एकच माणूस होता आणि तो धमकी देण्यापुरता येत होता.

सीमाप्रश्नावरचे माझे मत यामुळे बदलले नाही. १९५६ साली आपल्यावर अन्याय झाला असे मी आजही मानतो. पण आजोबांच्या त्या गप्प राहण्याचे काय करायचे? पाने बांधून माळ्यावर टाकली. उरलेल्या रजेत ११ पाने झाली, तीही कापणीच्या दुसऱ्या दिवसापर्यंतच.

सप्टेंबरात कामावर रुजू झालो. आता पहाटे पाचला उठून स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहितो, पाणी येण्याच्या आत. चुलतभाऊ म्हणतो, हे छापू नकोस, आजोबांचे नाव खाली येईल. काकीचा अधूनमधून फोन येतो. तब्येतीची चौकशी होते, पावसापाण्याचे बोलणे होते आणि फोन ठेवताना ती विचारते, "सुगी झाली काय रे लिहून?"